सैतामातला कुर्दांचा नेवरोझ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारी संपत आला की टोकियो परिसरातल्या मराठी मंडळींचे ठरावीक निरोप सुरू होतात. "ते कुर्द लोकांचं नववर्ष कधी आहे?" इथपासून "गेलो तर व्हिसाला काही होणार नाही ना?" इथपर्यंत. प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहिण्यापेक्षा सगळं एका ठिकाणी ठेवलं आहे. सुरुवातीचे प्रश्न सोपे आहेत, अडचणीचे पुढे येतात. ज्यांना फक्त जायचं-यायचं आहे त्यांनी प्रश्न ५ पासून वाचलं तरी चालेल, पण प्रश्न १५ वाचल्याशिवाय कॅमेरा बाहेर काढू नका.

१. नेवरोझ म्हणजे नक्की काय? आणि तो जपानमध्ये कसा आला?

वसंतसंपाताला, म्हणजे २० किंवा २१ मार्चला, दिवस-रात्र समान होतात तेव्हा सुरू होणारं नवं वर्ष. इराण, अफगाणिस्तान, मध्य आशिया, अझरबैजान या सगळ्या पट्ट्यात ते वेगवेगळ्या नावांनी साजरं होतं. युनेस्कोने २००९ मध्ये हा सण मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतला, तेव्हा प्रस्ताव मांडणाऱ्या सात देशांत भारतही होता. पुढच्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांनी २१ मार्च हा आंतरराष्ट्रीय दिन मानला.

कुर्द हे तुर्कस्तान, इराण, इराक आणि सीरिया या चार देशांत विभागलेले लोक. संख्या तीन कोटींच्या आसपास, स्वतःचं राष्ट्र नाही. १९२०च्या सेव्हर्स करारात त्यांना स्वायत्ततेची आशा दाखवली गेली आणि १९२३च्या लोझान करारात ती पुसली गेली. १९९०च्या दशकापासून तुर्कस्तानच्या आग्नेय भागातले, मुख्यतः गाझियानतेप, आदियामान आणि काहरामानमाराश या प्रांतांतल्या खेड्यांमधले कुर्द टोकियोच्या उत्तरेला सैतामा प्रांतातल्या कावागुची आणि वाराबी या शहरांत येऊन राहू लागले. आज त्यांची संख्या सुमारे २,००० सांगितली जाते. एकाने यायचं, मग चुलत्याने, मग मेव्हण्याने, अशी ही वस्ती वाढली. ते आले तसा त्यांचा सणही आला.

२. आपल्या मुंबईच्या पारशांचा नवरोज तो हाच का?

मूळ एकच, वाटा वेगळ्या. २१ मार्चला पारशी आणि इराणी घरांत होतो तो जमशेदी नवरोज, आणि तो याच संपाताचा. पण मुंबईतल्या बहुसंख्य पारशांचं धार्मिक नववर्ष ऑगस्टमध्ये येतं, कारण त्यांच्या शहेनशाही पंचांगात लीप दिवस धरत नाहीत आणि शतकानुशतकं ते मागे सरकत गेलं. (त्या दिवशी आपण ज्याला-त्याला "हॅपी पतेती" म्हणतो. पतेती हा खरं तर आदल्या दिवशीचा, सरत्या वर्षाचा पश्चात्तापाचा दिवस. पारशी शेजारी सौजन्याने ऐकून घेतात.)

कुर्दांकडे, निदान तुर्कस्तानातून आलेल्यांकडे, इराणी पद्धतीचं सात वस्तू मांडलेलं टेबल नसतं. अग्यारी नाही, पूजा नाही. त्यांचा नेवरोझ उघड्यावरचा: डोंगर, जाळ, रंगीत कपडे आणि हातात हात घालून नाच.

३. कावा लोहाराची गोष्ट काय आहे? ती खरी घडली का?

गोष्ट थोडक्यात अशी. झहाक नावाच्या जुलमी राजाच्या खांद्यांवर दोन साप उगवले. त्यांना रोज दोन तरुणांचे मेंदू खाऊ घालावे लागत. राजाच्या मुदपाकखान्यात दोन भले आचारी शिरले. ते रोज दोघांपैकी एकाला सोडून देत आणि त्याच्याऐवजी मेंढीचा मेंदू मिसळत. सुटलेली पोरं डोंगरात पळून गेली. फिरदौसीच्या शाहनामा या फारसी महाकाव्यात सरळ म्हटलं आहे की कुर्द हे त्यांचेच वंशज.

कावा या लोहाराला अठरा मुलगे होते, त्यातला एकच उरला होता. त्याच्यावरही पाळी आली तेव्हा तो दरबारात घुसला, बाहेर येऊन आपलं कातड्याचं ॲप्रन भाल्याला बांधून त्याचा झेंडा केला आणि लोकांना घेऊन निघाला. इथून दोन पाठ होतात. शाहनाम्यात कावा राजपुत्र फरीदूनला आणतो, फरीदून झहाकला दमावंद पर्वतात जखडतो आणि सिंहासनावर फरीदून बसतो. कुर्दांच्या तोंडी परंपरेत राजपुत्र जवळजवळ गायबच आहे. लोहार स्वतःच्या हातोड्याने राजाला मारतो आणि डोंगरावर जाळ पेटवून खालच्या गावांना कळवतो की सुटलात. कोणता पाठ कोणाला सोयीचा, हे वेगळं सांगायला नको.

खरी घडली का? इतिहासात एवढं नक्की की इसवी सनपूर्व ६१२ मध्ये मीड या प्राचीन इराणी लोकांच्या आणि बाबिलोनी सैन्याने असीरियाची राजधानी निनेव्हे पाडली. मीड हे आपले पूर्वज असं कुर्द मानतात, आणि विसाव्या शतकातल्या कुर्द राष्ट्रवादाने ती घटना आणि ही दंतकथा एकत्र गुंफली. लोहाराचा पुरावा कुठेही नाही. कुर्द पंचांगातली वर्षगणनाही अशीच: प्रचलित गणनेत ७०० वर्षं मिळवतात, म्हणजे इसवी सन २०२६चं कुर्द वर्ष २७२६.

जाता जाता: कावागुची हे ओतकामाचं शहर. १९६४च्या टोकियो ऑलिंपिकची ज्योत ज्या कढईत पेटली ती इथल्या कारागिरांनी ओतली होती. लोहाराला वीर मानणारे लोक नेमके या गावात येऊन राहिले, हा निव्वळ योगायोग आहे, पण मला तो आवडतो.

४. साधा वसंतोत्सव आहे, तर मग त्यात इतकं राजकारण कशाला?

कारण तुर्कस्तानने तो बराच काळ साधा राहू दिला नाही. कुर्द भाषा आणि कुर्द ओळख यांवरच बंदी होती, तर त्यांचं नववर्ष कुठून चालणार? १९९२च्या नेवरोझला जिझ्रे, नुसायबिन, शिर्नाक या गावांत सुरक्षा दलांच्या गोळीबारात डझनावारी माणसं मेली. १९९०च्या दशकाच्या मध्यात सरकारने पवित्रा बदलला. हा तर मुळात तुर्की वंशाचाच सण असं सांगून ते अधिकृतपणे साजरा करू लागले. मंत्र्यांनी शेकोटीवरून उड्या मारल्या, पण कुर्दांच्या मेळाव्यांवरचे निर्बंध काही लगेच सुटले नाहीत. पुढे दियारबाकिरच्या मैदानात लाखोंचे मेळावे होऊ लागले. २०१३च्या नेवरोझला तिथेच पीकेके या सशस्त्र संघटनेचा तुरुंगातला नेता अब्दुल्ला ओजलान याचं शस्त्रविरामाचं पत्र वाचून दाखवलं गेलं.

सैतामाच्या मैदानात जी पन्नाशीची माणसं नाचताना दिसतात, त्यांच्या तरुणपणी हाच नाच पोलीस प्रकरण होता. एवढं लक्षात ठेवलं की बाकीचं आपोआप कळतं.

५. कार्यक्रम कधी आणि कुठे होतो?

तारीख २१ मार्च धरून बसू नका. जपानमध्ये वसंतसंपाताची सरकारी सुट्टी असते, तरी मेळावा बहुधा त्याच्या आसपासच्या रविवारी ठेवतात. २०२४ मध्ये तो २४ मार्चला होता. पूर्वी वाराबीतल्या नागरी उद्यानात होत असे. वाराबी हे क्षेत्रफळाने जपानमधलं सगळ्यात लहान शहर, जेमतेम पाच चौरस किलोमीटर, आणि तितकंच दाटीचं. गर्दी वाढली तसं ते उद्यान पुरेना. अलीकडे मेळावा सैतामा शहराच्या साकुरा विभागात, आराकावा नदीकाठच्या अकिगासे उद्यानात भरला आहे. ते सैतामा प्रांताच्या मालकीचं आहे.

नक्की जागा-वेळ दरवर्षी परवानगी हातात पडल्यावरच जाहीर होते आणि ती उशिरा पडते. का, ते प्रश्न १४ मध्ये. आयोजक संघटनेची समाजमाध्यमांवरची पानं मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापासून बघत राहा. मला विचारून उपयोग नाही, मीही तिथेच बघतो.

६. निशी-कासाईहून (टोकियोतल्या भारतीयांच्या वस्तीतून) कसं जायचं?

अकिगासे असेल तर: तोझाई लाइनने शेवटच्या निशी-फुनाबाशीपर्यंत, तिथून मुसाशिनो लाइनने निशी-उरावा. नकाशावर उलटं वाटतं, पण गाडी एकदाच बदलावी लागते. स्टेशनपासून नदीच्या दिशेने बरंच चालायचं आहे, उद्यानही लांबलचक आहे, तेव्हा छोटी मुलं असतील तर टॅक्सी धरा. नदीकाठचा वारा मार्चअखेरीलाही बोचरा असतो, फक्त स्वेटरवर जाऊ नका. वाराबी किंवा कावागुचीत कुठे असेल तर टोकियो स्टेशनवरून केइहिन-तोहोकु लाइन सरळ नेते.

७. आमंत्रण किंवा तिकीट लागतं का?

नाही. सार्वजनिक उद्यानातला खुला मेळावा आहे. जपानी शेजारी, विद्यार्थी, पत्रकार, इतर देशांचे लोक सगळे येतात. कोणी विचारलं तर "बघायला आलो" एवढं पुरतं. "नेवरोझ पीरोझ बे" (नेवरोझच्या शुभेच्छा) म्हणालात तर चहा मिळण्याची शक्यता वाढते.

८. तिथे दिवसभर चालतं काय?

मुख्यतः नाच. भाषणं होतात, लहान मुलांचे कार्यक्रम होतात, पण लोक येतात ते गोवेंद या रांगेच्या नाचासाठी. ढोल आणि झुर्ना, किंवा त्यांचाच आवाज काढणारा कीबोर्ड आणि भलेमोठे स्पीकर. झुर्ना ही आपल्या सनईची सख्खी नातेवाईक आहे, फक्त अधिक कर्कश, कारण ती मंडपात नव्हे तर माळावर वाजवायची. माणसं करंगळीत करंगळी अडकवून, खांद्याला खांदा लावून रांग करतात. रांग वळत वळत मोठी होते, वर्तुळ होतं, वर्तुळात दुसरं वर्तुळ. पुढचा माणूस हातात रुमाल फिरवतो, त्याला सरगोवेंद म्हणतात, आणि पावलं तो ठरवतो. एक चाल पंधरा-वीस मिनिटं चालू शकते. बाहेरून पाहणाऱ्याला तोचतोचपणा वाटतो, आत असलेल्याला वेळेचं भान राहत नाही.

बायकांचे पायघोळ, चमकीचे, झळाळत्या रंगांचे झगे आणि त्यावरचे कमरपट्टे बघण्यासारखे. आठवडाभर जुनी घरं पाडायच्या कामावर धुळीत राबणारे पुरुष (वस्तीतल्या बऱ्याच जणांचा धंदा हाच आहे) त्या दिवशी ढगळ विजार आणि कमरेला रुंद शेला बांधून येतात. आणि पोरं? ती एकमेकांशी जपानीत भांडत असतात. कुर्मांजी ही घरातली भाषा, तुर्की आईबापांची शाळेची, जपानी मुलांची स्वतःची.

९. आम्हाला नाचता येत नाही. नुसतं उभं राहिलं तर बरं दिसेल का?

दिसेल, पण कोणीतरी ओढेलच. तेव्हा दोन गोष्टी सांगून ठेवतो. रांगेच्या पुढच्या टोकाला कधीही शिरू नका, ती सरगोवेंदची जागा आहे. शेपटाला जाऊन शेवटच्या माणसाची करंगळी धरा. आणि पायांकडे बघू नका, शेजाऱ्याच्या खांद्याकडे लक्ष द्या. खांदा कधी खाली जातो ते कळलं की पाय आपसूक येतात. चुकलात तर कोणी हसत नाही. चुकून मध्येच हात सोडून फोन काढलात तर मात्र अख्खी रांग विसकटते.

१०. जाळावरून उड्या मारतात असं ऐकलं. ते इथे बघायला मिळेल?

त्याची आशा धरून जाऊ नका. जपानच्या सार्वजनिक उद्यानांत मोकळा जाळ करायला सहसा मनाई असते. डोंगरावरच्या मशाली बघायच्या असतील तर इराकी कुर्दिस्तानातल्या आक्रे गावाचे २० मार्चच्या संध्याकाळचे व्हिडिओ बघा. शेकडो तरुण मशाली घेऊन डोंगर चढतात.

११. आम्ही शाकाहारी. उपाशी राहावं लागेल का?

डबा न्या. खाण्याचे स्टॉल असतील की नाही हे त्या वर्षीच्या उद्यानाच्या अटींवर ठरतं, आणि असले तरी पहिला मान केबाबचा. शाकाहाऱ्यांसाठी द्राक्षाच्या पानांत भात गुंडाळलेले सारमा चांगले, पण त्यात खिमाही घालतात. दलियाचे तिखट चिकोफ्ते मूळचे कच्च्या मांसाचे. हल्ली बाजारात बिनमांसाचे जास्त असतात, घरचे असतील तर खात्री नाही. "निकु हाइत्ते इमासु का?", म्हणजे "यात मांस आहे का?", हे एक जपानी वाक्य दोन्ही बाजूंना कळतं. चहा काळा, कडक, लहान काचेच्या पेल्यात, दुधाविना. आपल्यासारखा दुधाळ मागू नका.

कचऱ्याची पिशवी आपली आपण न्यावी आणि भरून परत आणावी. मैदान संध्याकाळी जसं होतं तसं परत देणं आयोजकांसाठी केवळ शिष्टाचार नाही, पुढच्या वर्षीच्या परवानगीचा प्रश्न आहे.

१२. रमजानमध्ये आला तर?

कधीकधी येतो. २०२४ आणि २०२५ दोन्ही वर्षी नेवरोझ रमजानच्या महिन्यात पडला. नेवरोझ धार्मिक सण नाही आणि कुर्दांत सुन्नी आहेत, अलेवी आहेत, यझीदी आहेत, काहीच न मानणारेही आहेत. त्यामुळे एकाच सतरंजीवर एक जण रोज्यात आणि दुसरा खात बसलेला असं दिसेल. तुम्ही खाल्लंत तर कोणी वाईट मानणार नाही, आग्रह मात्र करू नका. चांद्र महिना दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, त्यामुळे पुढच्या काही वर्षांत हा प्रश्न उरणार नाही.

१३. हे लोक बेकायदा राहतात म्हणतात. नक्की भानगड काय आहे?

सरसकट उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. तुर्की पासपोर्टवर जपानमध्ये ९० दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय येता येतं. अनेक जण असे आले आणि त्यांनी आश्रयासाठी अर्ज केला. आज वस्तीत तीन प्रकारचे लोक भेटतात: लग्न, नोकरी किंवा व्यवसायामुळे रीतसर निवासपरवाना असलेले, अर्ज विचाराधीन असल्यामुळे तात्पुरता परवाना असलेले, आणि अर्ज फेटाळला गेल्यावर "कारीहोमेन"वर, म्हणजे स्थानबद्धतेतून तात्पुरते मोकळे असलेले. या तिसऱ्या गटाला नोकरी करता येत नाही, सरकारी आरोग्यविमा मिळत नाही, आणि परवानगीशिवाय राहत्या प्रांताबाहेर पाऊल टाकता येत नाही. कावागुचीत राहणाऱ्याला नदीवरचा पूल ओलांडून आकाबानेला जायचं तरी तो टोकियोत शिरला, म्हणजे परवानगी हवी. मेळावा सैतामा प्रांतातच का होतो, याचं एक व्यावहारिक उत्तर हेही आहे.

आश्रय मिळतो का? जवळजवळ नाही. तुर्कस्तानातल्या एका कुर्दाला निर्वासित म्हणून पहिल्यांदा मान्यता मिळाली ती जुलै २०२२ मध्ये, सप्पोरो उच्च न्यायालयाने सरकारविरुद्ध निकाल दिल्यानंतर. सरकारचं म्हणणं असं की यातले बरेच जण पोटापाण्यासाठी आले आणि अर्ज हा राहण्याचा बहाणा आहे. वकिलांचं म्हणणं असं की तुर्कस्तान मित्रदेश असल्यामुळे तिथे छळ होतो हे मान्य करणंच जपानला परवडत नाही. माझ्या मते दोन्हींत तथ्य आहे. गावात शेती तोट्यात आणि भाऊ तुरुंगात, असा माणूस कोणत्या रकान्यात बसवायचा? १० जून २०२४ पासून लागू झालेल्या दुरुस्त कायद्यानुसार तिसऱ्यांदा किंवा त्याहून जास्त वेळा अर्ज करणाऱ्याला अर्ज प्रलंबित असतानाही परत पाठवता येतं. त्याआधी, ऑगस्ट २०२३ मध्ये, जपानमध्येच जन्मलेल्या आणि परवाना नसलेल्या शाळकरी मुलांना विशेष निवासपरवाना देण्याचं धोरण न्यायमंत्र्यांनी जाहीर केलं. काही कुटुंबं त्यात सुटली, काही नाही.

१४. २०२४ मध्ये परवानगीचा वाद काय झाला होता?

अकिगासे उद्यान सांभाळणाऱ्या संस्थेने आधी जागा द्यायला नकार दिला. कुर्दांना जागा देऊ नका असे आक्षेप येत होते आणि गडबड होईल अशी भीती होती. म्हणजे धमकावणारे एक आणि घरी बसवायचे दुसऱ्यांना. यावर टीका झाली, संस्थेने चूक मान्य करून माफी मागितली आणि परवानगी दिली. मेळावा पार पडला.

ही हवा अचानक आली नव्हती. जुलै २०२३ मध्ये कुर्दांच्या आपसांतल्या भांडणातून जखमी झालेल्यांमागे कावागुचीतल्या एका रुग्णालयासमोर शंभरेक जणांचा जमाव जमला आणि रुग्णालयाला काही तास नवे रुग्ण घेता आले नाहीत. ही गोष्ट झाकण्यासारखी नाही. स्थानिक लोक चिडले, आणि त्यांचं चिडणं रास्त होतं. ओव्हरलोड ट्रक, रात्रीचा गोंगाट, कचरा याही तक्रारी खऱ्या आहेत. पण त्यानंतर इंटरनेटवर जे उसळलं त्याचा कचऱ्याशी संबंध नव्हता. कधी कावागुचीला न गेलेले लोक तिथल्या मुलांचे व्हिडिओ टाकू लागले, बाहेरगावाहून येऊन मोर्चे काढू लागले. नोव्हेंबर २०२४ मध्ये सैतामा जिल्हा न्यायालयाने कुर्द संघटनेच्या कार्यालयाच्या परिसरात असं निदर्शन करायला मनाई करणारा अंतरिम आदेश दिला. दरम्यान, जानेवारी २०२४ मध्ये नोतो द्वीपकल्पात भूकंप झाला तेव्हा याच वस्तीतले काही जण तिथे जाऊन गरम जेवण वाटून आले. त्याचे व्हिडिओ मात्र फारसे कोणी फिरवले नाहीत.

१५. फोटो आणि रील काढले तर चालतील ना?

मैदानाचा, दुरून, गर्दीचा फोटो चालेल. ओळखू येणारा चेहरा असेल तर विचारून, आणि टाकायचा असेल तर पुन्हा विचारून. लहान मुलांचे चेहरे टाकूच नका, आईबाप हो म्हणाले तरी. प्रश्न १४ मध्ये सांगितलं तसं इथले फोटो उचलून त्यावर वाटेल ते लिहून फिरवणारे लोक आहेत. शिवाय तुर्कस्तानात राहिलेल्या नातेवाइकांना इथल्या एका फोटोमुळे त्रास होऊ शकतो. मागे कोणता झेंडा दिसतो, यावर तिथे खटले चालतात. थेट प्रक्षेपण तर अजिबात नको. नाचाच्या तुमच्या स्वतःच्या व्हिडिओत शेजारच्याची करंगळी आली तरी पुरे आहे, चेहरा कशाला हवा?

१६. निदर्शक आले तर काय करायचं?

काहीच नाही. पोलीस असतात, आयोजकांचे स्वयंसेवक असतात, निदर्शकांविरुद्ध उभे राहणारे जपानी नागरिकही असतात. द्वेषमूलक भाषणाविरुद्ध जपानने २०१६ मध्ये कायदा केला, पण त्यात शिक्षेची तरतूद नाही. तेव्हा ओरडणाऱ्याला ओरडू दिलं जातं. वाद घालायला जाऊ नका, चित्रण करायला तर नकोच. समोरच्याच्या कॅमेऱ्यात तुम्हीही असता.

१७. मैदानात झेंडे दिसतात ते कसले? एखादा हातात दिला तर धरावा का?

लाल-पांढऱ्या-हिरव्या पट्ट्यांवर पिवळा सूर्य असलेला झेंडा इराकमधल्या कुर्दिस्तान प्रादेशिक सरकारचा. त्या सूर्याला २१ किरण आहेत. हिरवा-लाल-पिवळा हे तीन रंग तुर्कस्तानातल्या कुर्दांचे, ते शाली-पताकांतही दिसतात. याशिवाय क्वचित पीकेकेशी जोडलेली चिन्हं किंवा ओजलानची छबी दिसते. तुर्कस्तान, अमेरिका आणि युरोपीय संघ या संघटनेला दहशतवादी मानतात. संघटनेने मे २०२५ मध्ये स्वतःचं विसर्जन जाहीर केलं, पण म्हणून ती यादी आपोआप पुसली जात नाही. मैदानात या चिन्हांवरून कुर्दांचे आपसांतही मतभेद असतात.

पाहुण्याने काय करावं? शाल गळ्यात घातली तर घ्या. अर्थ माहीत नसलेला झेंडा हातात धरू नका. हसून नको म्हटलं की विषय संपतो.

१८. गेल्याने माझ्या व्हिसावर किंवा पीआरच्या अर्जावर परिणाम होईल का?

परवानगी घेतलेल्या सार्वजनिक कार्यक्रमाला हजर राहणं हा गुन्हा नाही. रेसिडेन्स कार्ड जवळ ठेवा. जपानमध्ये ते नेहमीच जवळ बाळगणं बंधनकारक आहे आणि त्या दिवशी पोलिसांनी विचारण्याची शक्यता जास्त. पर्यटक म्हणून आला असाल तर पासपोर्ट. बाकी काळजी झेंड्याची (प्रश्न १७).

१९. ऑफिसातला तुर्की सहकारी जवळचा मित्र आहे. त्याला घेऊन जाऊ का?

आधी त्याला विचारा, आणि नाही म्हणाला तर कारण विचारू नका. सगळे तुर्क कुर्दांविरुद्ध नाहीत आणि अनेक घरांत दोन्ही रक्तं आहेत. तरी ऑक्टोबर २०१५ मध्ये तुर्कस्तानच्या निवडणुकीचं मतदान सुरू असताना टोकियोतल्या तुर्की वकिलातीबाहेर दोन्ही गटांत हाणामारी झाली होती, हेही खरं. तो स्वतःहून येत असेल तर उत्तमच. "तुम्ही दोघे सारखेच ना?" हे वाक्य मात्र दोघांपुढेही बोलू नका. आपल्याला कोणी भारत-पाकिस्तान एकच ना म्हटल्यावर आपण काय तोंड करतो ते आठवा.

२०. आम्हाला काही मदत करायची आहे. पैसे द्यावेत का?

मैदानात कोणाच्या हातात पैसे देऊ नका, अवघडल्यासारखं होतं. मुलांना जपानी लिहायला शिकवणारे आणि शाळेचा अभ्यास घेणारे स्वयंसेवकांचे वर्ग कावागुचीत आहेत, तिथे माणसांची कायम गरज असते. गणित शिकवणारा मराठी इंजिनीअर तर हवाच असतो. बायका सुईने विणतात त्या "ओया" नावाच्या नाजूक लेसचे दागिने विकत घ्या, सुंदर असतात. भाषेची आवड असेल तर टोकियो परराष्ट्र अभ्यास विद्यापीठात कुर्द भाषेचा अभ्यासक्रम आहे. जाताना भेट न्यायचीच तर सुका मेवा किंवा जिलेटिन नसलेली मिठाई. काजूकतली हमखास संपते.

२१. पाडवा त्याच आठवड्यात आला तर दोन्ही एकत्र करता येतील का? आपलं लेझीम पथक तिथे उतरवलं तर?

पाडवा चांद्र तिथीने येतो, नेवरोझ सूर्याने, त्यामुळे जोडी दरवर्षी जमत नाही. २०२४ मध्ये पाडवा थेट ९ एप्रिलला होता, २०२६ मध्ये १९ मार्चला, म्हणजे नेवरोझच्या तोंडावर.

लेझमाचा हा प्रश्न दरवर्षी येतो, आणि उत्साह समजतो. पण नको. परवानगी आयोजकांच्या नावावर असते, तिच्या अटींचं ओझं त्यांच्यावर असतं, आणि वर्षातून एक दिवस मिळालेल्या मैदानात पाहुण्यांनी आपलं व्यासपीठ थाटू नये. आयोजकांनी स्वतःहून बोलावलं तर गोष्ट वेगळी.

उलट करा: त्यांना पाडव्याला बोलवा. फक्त निशी-कासाईचा हॉल बुक करण्याआधी प्रश्न १३ पुन्हा वाचा. ज्यांना तुम्ही बोलावणार त्यातल्या काहींना टोकियोत यायला आधी अर्ज करून परवानगी घ्यावी लागेल, आणि तो अर्ज कशासाठी करताय असं विचारल्यावर "पुरणपोळी खायला" हे कारण चालेलच असं नाही. कावागुचीत किंवा वाराबीत नगरपालिकेचे हॉल स्वस्तात मिळतात. नदीपलीकडे आपणच जावं.